खिडकी कुणाच्या उंचीची? दोन महायुद्धांमधल्या इटलीतल्या शाळा

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, कोमो नावाचं तळ्याकाठचं शहर आहे. रेशमी कापडासाठी जुनं नाव असलेलं. तिथे १९३७ साली एक बालवाडी सुरू झाली. नाव ‘आझीलो सान्तेलिया’. ‘आझीलो’ म्हणजे बालवाडी, आणि सान्तेलिया हे कोमोत जन्मलेल्या एका वास्तुविशारदाचं आडनाव. बांधली मात्र जुझेप्पे तेरान्यी या दुसऱ्या वास्तुविशारदानं. तिचा फोटो पहिल्यांदा पाहिला की प्रश्न पडतो, यात एवढं काय आहे? एकमजली इमारत, सपाट स्लॅब, सडपातळ कॉलम, पांढऱ्या भिंती, मोठमोठ्या काचा. आज अशी ऑफिसं, दवाखाने, बंगले कुठेही दिसतात.

‘यात काय आहे’ असं वाटण्याचं कारण एवढंच की, ही भाषा नंतर साऱ्या जगानं उचलली. १९३७ मध्ये ती नवी होती. शाळेच्या बाबतीत तर फारच नवी.

म्हणून ही इमारत मोठ्या माणसासारखी उभं राहून पाहू नये. जरा उकिडवं बसावं. तीन-चार वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम ९० सेंटीमीटरवर असतात. त्या उंचीवरून काय दिसतं? वर्गाची बाहेरची भिंत जमिनीपर्यंत काचेची, त्यामुळे पलीकडची बाग दिसते. आतल्या बाजूला वळलं तर काचेतून अंगण दिसतं आणि अंगणापलीकडे शाळेचाच दुसरा भाग. आपण कुठे आहोत, बाकीचे कुठे आहेत, जेवण कुठे मिळणार, हे मुलाला कुणाला न विचारता कळतं. या लेखाचा सगळा विषय खरं तर या ९० सेंटीमीटरमध्ये आहे.

आधीची शाळा

एकोणिसाव्या शतकात युरोपात सरकारी शाळा भराभर बांधल्या गेल्या, तेव्हा नमुना म्हणून डोळ्यांपुढे दोन इमारती होत्या, एक मठ आणि दुसरी लष्करी बराक. इटलीतही तेच. मधोमध भव्य दरवाजा, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, आत लांबलचक कॉरिडॉर, त्याला लागून वर्ग. मुलांचं दार वेगळं, मुलींचं वेगळं. भिंती जाड, कारण छताचा सगळा भार भिंतीवर. ज्याला आपण बांधकामात ‘लोड बेअरिंग’ म्हणतो, ते. अशा भिंतीला मोठं भोक पाडलं की ती कमकुवत होते, त्यामुळे खिडक्या उंच आणि अरुंद. शिवाय खिडकीचा खालचा काठ मुद्दाम वर ठेवलेला. उजेड आत यावा, मुलाचं लक्ष मात्र बाहेर जाऊ नये! बाहेर पाऊस पडतोय हे आवाजावरून ओळखायचं. माझ्याही शाळेच्या खिडक्या अशाच होत्या. बाकावर उभं राहिल्याशिवाय पटांगण दिसत नसे, आणि बाकावर उभं राहणं ही शिक्षा होती. म्हणजे बाहेरचं दृश्य फक्त शिक्षा झालेल्यांना.

ही चौकट मोडायला तीन गोष्टी कामी आल्या. त्या तिन्ही एकाच वेळी इटलीत येऊन मिळाल्या.

पहिली म्हणजे आरसीसी. लोखंडी सळ्या आणि काँक्रीट एकत्र आल्यावर छताचा भार कॉलम आणि बीम पेलू लागले. भिंतीवर कसलंच ओझं उरलं नाही. ती आता नुसता पडदा. विटेची करा, काचेची करा, सरकती करा, काढूनच टाका, इमारत उभीच राहते. आधुनिक वास्तुकलेतली अर्धीअधिक जादू एवढ्याशा गोष्टीत आहे.

दुसरी गोष्ट क्षयरोग. त्यावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. त्याआधी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. ऊन, मोकळी हवा, चांगलं खाणं आणि विश्रांती, एवढंच. स्वित्झर्लंडमधल्या लेझाँ गावी ऑग्युस्ट रोलिए या डॉक्टरनं १९०३ पासून सूर्यप्रकाशानं उपचार सुरू केले आणि त्यांचा बोलबाला सगळीकडे झाला. १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला रानात शाळा भरू लागली, अशक्त मुलांसाठी. मग ‘उघड्यावरची शाळा’ ही कल्पना पसरत गेली. मिलानमध्ये घोड्यांच्या दुडक्या चालीच्या शर्यतींचं एक मैदान होतं, ‘ट्रॉटर’. १९२० च्या दशकात महापालिकेनं तिथे झाडांमध्ये विखुरलेल्या छोट्या इमारतींची शाळा उभी केली आणि तिला नाव दिलं ‘कासा देल सोले’, सूर्याचं घर. पोहण्याचा तलाव, प्राणी, शेती, सगळं आवारात. इमारती दिसायला जुन्या वळणाच्याच होत्या, पण शाळा म्हणजे एक मोठा वाडा असलाच पाहिजे हा हट्ट तिथे सुटला होता.

तिसरी गोष्ट मारिया मॉन्टेसरी.

मॉन्टेसरीबाई आणि त्यांची हलकी खुर्ची

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरींनी पहिलं ‘कासा देइ बाम्बिनी’, म्हणजे मुलांचं घर, उघडलं. शाळा हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. त्यांच्या पद्धतीवर भरपूर लिहिलं गेलंय. इमारतीच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय, तर खुर्ची. जमिनीला खिळवलेला बाक काढून त्यांनी मुलाला स्वतः उचलता येईल अशी छोटी, हलकी खुर्ची दिली. कपाटं बुटकी, वस्तू हाताशी. मूल वर्गात हिंडणार, खाली बसणार, कोपरा शोधणार.

एकदा मूल हिंडणार हे मान्य केलं की वर्गाचा आराखडा बदलावाच लागतो. ओळीत बसलेल्या मुलांना फळा दिसला की झालं. हिंडणाऱ्या मुलाला जमीन लागते, उजेड सगळीकडून लागतो, बाहेर जायचं दार हाताशी लागतं.

मुसोलिनीचं आणि बाईंचं आधी बरं जमलं. १९२४ पासून सरकारनं त्यांच्या पद्धतीला पाठबळ दिलं. शिस्तीत, शांतपणे काम करणारी मुलं पाहून हुकूमशहाला आनंद झाला असावा. पण ती शिस्त आतून आलेली होती आणि त्याला हवी होती बाहेरून लादलेली. हे फार दिवस झाकून राहणार नव्हतंच. १९३४ मध्ये बाईंनी इटली सोडली आणि तिथल्या मॉन्टेसरी शाळा बंद पडल्या.

पुढची गोष्ट आपल्या दाराशी येते. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून बाई मद्रासला, अड्यारला आल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भारतातले सगळे इटालियन ब्रिटिशांच्या लेखी शत्रूदेशाचे नागरिक झाले. त्यांचा मुलगा मारिओ याला नेऊन ठेवलं ते आपल्या अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर), नजरकैद्यांच्या छावणीत. ज्या राजवटीशी पटलं नाही म्हणून देश सोडला, तिचेच नागरिक म्हणून हे माय-लेक अडकले. ३१ ऑगस्ट १९४० ला बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयनं मारिओची सुटका केली. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेकांनी ही पद्धत त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे आणली होती. नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा. ते वेगळं प्रकरण.

हुकूमशहाला आधुनिक इमारती कशा चालल्या?

इथे बहुतेक जण गोंधळतात, म्हणून थोडं सावकाश.

१९२६ मध्ये मिलानच्या सात तरुण वास्तुविशारदांनी ‘ग्रुप्पो सेत्ते’, म्हणजे सातांचा गट, स्थापन केला. जुझेप्पे तेरान्यी, लुइजी फिजीनी, जीनो पोल्लीनी वगैरे. त्यांच्या विचाराला ‘रॅशनलिझम’ म्हणतात. इमारत जशी वापरली जाणार, जशी बांधली जाणार, तशी ती दिसली पाहिजे. उगाच चिकटवलेले खांब, कमानी, नक्षी नको. असलंच काहीतरी जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेची मंडळी आणि फ्रान्समध्ये वास्तुविशारद ल कॉर्बुझिए म्हणत होते. फरक असा की, परंपरेशी आमचं भांडण नाही, हे इटलीतली पोरं आवर्जून सांगत. रोमन वास्तूंमधली प्रमाणबद्धता त्यांना हवीच होती.

जर्मनीत नाझींनी १९३३ मध्ये बाउहाउसचा गाशा गुंडाळायला लावला. इटलीत मात्र मुसोलिनीनं १९३४ मध्ये आधुनिक वास्तुविशारदांना भेटीला बोलावून त्यांची पाठ थोपटली. का? त्याला आपली राजवट तरुण, वेगवान, क्रांतिकारक वाटायला हवी होती. आणि रोमन साम्राज्याची वारसदारही वाटायला हवी होती! दोन्ही दगडांवर पाय. त्यामुळे कुठलीच एक शैली सरकारी ठरली नाही. एका गावात काचेची इमारत, शेजारच्या गावात कमानींची, आणि दोन्हींवर तेच फॅसिस्ट चिन्ह.

तेरान्यीनं कोमोतच फॅसिस्ट पक्षाचं कार्यालय बांधलं, १९३२ ते १९३६. फॅसिझम म्हणजे काचेचं घर, ज्यात कुणीही डोकावून पाहावं, असं मुसोलिनी म्हणाला होता. तेरान्यीनं ते अक्षरशः घेतलं आणि दाराशी काचांची रांग लावली. तो लाचार किंवा संधिसाधू होता म्हणून नव्हे; त्याचा खरोखर विश्वास होता. हे पचायला जड जातं. आपल्याला आवडणारी इमारत बांधणारा माणूस आपल्याला आवडणाऱ्या मताचा असावा, अशी आपली एक भाबडी अपेक्षा असते.

पक्षकार्यालयाची काच आणि बालवाडीची काच, दोन्ही त्याच हातच्या, जवळजवळ त्याच वर्षांतल्या. पण काम वेगळं करतात. कार्यालयात काच सत्तेचं प्रदर्शन मांडते. बालवाडीत तिच्यातून मूल बाग बघतं.

बालवाडी जरा जवळून

सान्तेलियाचा आराखडा समजायला सोपा आहे. मधे अंगण. त्याच्या एका बाजूला वर्गांची रांग, समोरच्या बाजूला जेवणाची खोली, दोन्हींना जोडणारा प्रवेशाचा आणि खेळायचा मोठा दालनवजा भाग. अंगणाची उरलेली बाजू बागेकडे मोकळी. आपल्याकडच्या चौसोपी वाड्याचा एक सोपा काढून टाकला तर साधारण असंच होईल, फक्त इथे सोप्यांना काच आहे.

गंमत अशी की, इमारत प्लॉटच्या कडांना समांतर नाही. आजूबाजूच्या रस्त्यांची जी चौकट आहे, तिच्यापासून ती किंचित वळवलेली आहे. नकाशात पाहिलं तर कुणी खोका ठेवताना हात हलला की काय, असं वाटतं. पण हे वळण मुद्दाम आहे. रस्त्याशी इमान राखण्यापेक्षा इमारतीनं सूर्याशी राखावं, हा त्यामागचा विचार. जुन्या शाळेचं तोंड रस्त्याकडे असायचं, येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहून दबून जावं म्हणून. या शाळेला तसं दबवणारं तोंडच नाही.

काचेचा एक तोटा सगळ्यांना ठाऊक आहे. एकेरी काच उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गारठते. तेरान्यीनं यावर जो उपाय काढला, तो मला या इमारतीतला सगळ्यात देखणा भाग वाटतो. वर्गांच्या पुढे, बागेत, त्यानं कॉलम-बीमची एक मोकळी चौकट उभी केली. वर छत नाही, खाली भिंत नाही, नुसता सांगाडा. त्यावर कापडी पडदे ताणायचे. ऊन चढलं की पडदे ओढा, सावली होते. मळभ आलं की गुंडाळा. म्हणजे वर्ग संपून बाग नेमकी कुठे सुरू होते, हे ठरवणं कठीण. काचेच्या आत अर्धा वर्ग, पडद्याखाली उरलेला अर्धा. आणि सरकवता येणाऱ्या पार्टिशन्समुळे आतले वर्गही हवे तर एकमेकांत मिसळतात. मुलांच्या मापाचं फर्निचरही तेरान्यीनं स्वतः काढलं होतं.

ज्याचं नाव या शाळेला दिलं, तो अंतोनिओ सान्तेलिया म्हणजे वेगळंच टोक. १९१४ मध्ये त्यानं भविष्यातल्या शहराची चित्रं काढली होती. प्रचंड मनोरे, बाहेरून धावणाऱ्या लिफ्ट, थरांवर थर रस्ते. त्यातलं जवळजवळ काहीच बांधलं गेलं नाही. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात तो मारला गेला, वय २८. त्याच्या मनोऱ्यांच्या नावानं उभी राहिली ती एवढीशी एकमजली बालवाडी. हे कुणी विनोद म्हणून केलं नव्हतं, पण आज वाचताना हसू येतंच.

कोमोच्याच परिसरात, आस्नागो या खेड्यात, चेझारे कात्तानेओ या तेरान्यीच्या तरुण मित्रानं त्याच सुमारास आणखी एक बालवाडी बांधली. अशी नावं अजून थोडी सांगता येतील. थोडीच. ठळक इमारती पाहून साऱ्या इटलीतली मुलं काचेच्या वर्गात बसत होती, असं वाटायला नको. १९३१ च्या जनगणनेत दर पाच इटालियनांमागे साधारण एक निरक्षर होता. खेड्यापाड्यातली बहुतेक मुलं एकाच खोलीत, तीन-चार इयत्ता एकत्र, अशीच शिकत होती.

तेच काँक्रीट, दुसरं काम

आता दुसरी बाजू. १९२६ मध्येच सरकारनं ‘ओपेरा नात्सिओनाले बालिल्ला’ ही मुलांची संघटना काढली. ‘बालिल्ला’ हे १७४६ मध्ये जेनोव्हात ऑस्ट्रियन सैनिकांवर दगड भिरकावणाऱ्या, दंतकथेतल्या मुलाचं टोपणनाव. सहा ते आठ वर्षांची मुलं ‘लांडगीची पिल्लं’ (रोमच्या स्थापनेच्या कथेतली लांडगी), आठ ते चौदा ‘बालिल्ला’, पुढे ‘आव्हांग्वार्दिस्ती’. काळे शर्ट, कवायत, लाकडी बंदुका. ‘पुस्तक आणि बंदूक, झाला पक्का फॅसिस्ट’ अशा अर्थाची यमकातली घोषणा होती. १९३७ मध्ये ही संघटना ‘जिल’ नावाच्या थेट पक्षाच्या संघटनेत विलीन झाली.

या संघटनेसाठी गावोगावी इमारती बांधल्या गेल्या आणि त्या बांधायला चांगले आर्किटेक्ट लावले. रोममध्ये त्रास्तेव्हेरे भागात लुइजी मोरेत्ती या तरुणानं १९३३ ते १९३७ दरम्यान बांधलेली इमारत पाहण्यासारखी आहे. संगमरवर, उजेड, पोहण्याचा तलाव, जिम्नॅशियम, सगळं अव्वल. आत भिंतीवर आफ्रिकेचा भलाथोरला नकाशा, इटलीनं जिंकलेले मुलूख दाखवणारा. व्यायाम करून घाम पुसताना मुलानं वर पाहायचं आणि आपण कशासाठी दंड कमावतोय हे समजून घ्यायचं.

याहून चकित करणाऱ्या इमारती समुद्रकिनाऱ्यावर आहेत. त्यांना ‘कोलोनिया’ म्हणत, उन्हाळी छावण्या. कामगारांच्या मुलांना महिनाभर समुद्र, ऊन, पोटभर जेवण. १९३० च्या दशकाच्या शेवटी दर उन्हाळ्यात लाखो मुलं अशी जात होती. गरिबाघरच्या मुलाला समुद्र पाहायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. तिथून परतलेली मुलं वजन वाढवून येत, आणि ते वजन मोजून नोंदवलंही जाई.

पण इमारती पाहा. मारीना दि मास्सा इथे फियाट कंपनीनं १९३३ मध्ये कामगारांच्या मुलांसाठी एक गोल मनोरा बांधला, अभियंता व्हित्तोरिओ बोनादे बोत्तीनो. आत मजले असे नाहीतच. तळापासून माथ्यापर्यंत गोल गोल चढत जाणारा एकच उतार, रॅम्प, आणि त्या रॅम्पवर ओळीनं मुलांच्या खाटा. मोटारीच्या कारखान्यात पट्ट्यावर गाड्या सरकत जातात ना, तशी झोपलेली मुलं. कात्तोलिका इथे क्लेमेंते बुझिरी व्हीची या आर्किटेक्टनं १९३४ मध्ये जहाजांच्या ताफ्यासारख्या इमारती केल्या, समुद्राकडे नाक करून निघालेल्या. चेझेनातिकोला जुझेप्पे व्हाक्कारो यानं आजिप तेलकंपनीसाठी १९३८ मध्ये केलेली छावणी या सगळ्यांत शांत आणि संयत. खांबांवर उचललेली लांबलचक इमारत, खालून वाळू आणि समुद्र आरपार.

सूर्य, हवा, काच, पांढरा रंग. साहित्य तेच आहे. मग सान्तेलियात आणि इथे फरक कुठे? माझ्या मते फरक मोजमापात आहे. बालवाडीत इमारत मुलाच्या मापानं घेतली. मनोऱ्यात मूल हेच माप झालं: इतक्या खाटा, इतक्या रांगा, इतकी फेरी. वरून काढलेल्या फोटोत ही मुलं छान नक्षीसारखी दिसतात. ती तशी दिसावीत म्हणूनच अंगणं तेवढी मोठी आहेत.

वर्गाच्या आत तर आर्किटेक्टचं फारसं चालतच नव्हतं. भिंतीवर क्रूस, राजाची तसबीर आणि मुसोलिनीची तसबीर. १९३०-३१ पासून प्राथमिक शाळेत देशभर एकच सरकारी पाठ्यपुस्तक. १९३३ पासून खेड्यातल्या शाळांना रेडिओ पुरवण्याची योजना. शहरातला आवाज थेट वर्गात. मुसोलिनीची आई प्राथमिक शिक्षिका होती, तो स्वतः काही काळ शाळेत शिकवत होता. वर्ग काय चीज आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आणि मग सप्टेंबर १९३८. वंशविषयक कायदे आले आणि ज्यू मुलांना, ज्यू शिक्षकांना सरकारी शाळांमधून काढून टाकण्यात आलं. आरपार दिसणाऱ्या, उजेडाच्या, प्रमाणबद्ध शाळांमधूनही.

बांधणाऱ्यांचं काय झालं

रोमच्या नव्या विद्यापीठनगरीत (१९३२ ते १९३५) भौतिकशास्त्राची इमारत जुझेप्पे पागानो यानं केली. साधी, डामडौल नसलेली, आतल्या कामाला बरोबर बसणारी. शेजारची गणिताची इमारत जिओ पोंतीची. एनरिको फर्मी यांचा गट पुढे पागानोच्याच इमारतीत कामाला आला. डिसेंबर १९३८ मध्ये फर्मी नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेले ते परतलेच नाहीत. पत्नी लॉरा ज्यू होती. प्रयोगशाळा उत्तम होती, पण ती वापरणाऱ्याला देशात राहता येईना.

पागानो सुरुवातीपासून पक्का फॅसिस्ट. ‘कासाबेल्ला’ या वास्तुकलेच्या नामांकित मासिकाचा संपादक. हळूहळू त्याचे डोळे उघडले, तो प्रतिकाराच्या चळवळीत गेला, पकडला गेला, छळ सोसला आणि एप्रिल १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मेला. युद्ध संपायला दोन-तीन आठवडे उरले होते. लेन्यानोत मुलांसाठी सूर्यस्नानाचं केंद्र बांधणाऱ्या चार मित्रांच्या बीबीपीआर या गटातला जान लुइजी बान्फी त्याच महिन्यात गुझेनच्या छळछावणीत मेला. त्याच गटातला एर्नेस्तो रॉजर्स ज्यू असल्यानं स्वित्झर्लंडला निसटला म्हणून वाचला.

तेरान्यी सैनिक म्हणून रशियाच्या आघाडीवर गेला आणि मनानं मोडून परत आला. १९ जुलै १९४३ रोजी, कोमोत, वाग्दत्त वधूच्या घराच्या जिन्यात तो कोसळला आणि गेला. वय ३९. सहा दिवसांनी मुसोलिनीची सत्ता गेली. त्याच १९ जुलैला दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी रोमवर पहिल्यांदा मोठा बाँबहल्ला केला आणि सगळ्यात जास्त मार बसला तो सान लोरेन्झोला, जिथे मॉन्टेसरीबाईंनी पहिलं मुलांचं घर उघडलं होतं. त्याला लागूनच असलेल्या विद्यापीठनगरीलाही झळ बसली. जुळून आलेली तारीख आहे, यात अर्थ शोधू नये. पण एकदा कळली की विसरता येत नाही.

आता त्या इमारतींचं काय करायचं

युद्ध चालू असतानाच इव्ह्रेआ गावी फिजीनी आणि पोल्लीनी यांनी टाइपरायटरवाल्या ऑलिव्हेत्ती कंपनीच्या कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर बांधलं, १९३९ ते १९४१. गंमत म्हणजे काच आणि काँक्रीटच्या या दोन पुरस्कर्त्यांनी तिथे स्थानिक दगडाच्या भिंती वापरल्या. ऑलिव्हेत्तीचं ते औद्योगिक शहर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. कात्तोलिकाच्या जहाजांमध्ये आज मत्स्यालय आहे. मोरेत्तीची त्रास्तेव्हेरेची इमारत दुरुस्त होऊन २०१७ मध्ये सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडली. आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर तसाच. किनाऱ्यावरच्या काही छावण्या मात्र ओसाड पडल्यात, वाळू आत शिरलेली, खिडक्या गेलेल्या.

फोर्ली या शहराची अडचण सगळ्यांत मोठी, कारण मुसोलिनीचं जन्मगाव जवळच आहे आणि त्यामुळे शहरभर त्या काळातल्या इमारती आहेत. त्यांनी पाडापाडी केली नाही, कौतुकही केलं नाही. युरोपात हुकूमशाही राजवटींनी बांधलेल्या वास्तूंचा एक अभ्यासमार्ग आखला, ‘आत्रिउम’ नावाचा. २०१४ मध्ये युरोप परिषदेनं त्याला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. त्या मार्गावर चेझारे व्हाल्ले यानं बांधलेलं एक जुनं वैमानिक विद्यालय आहे. मुसोलिनीचा वैमानिक मुलगा ब्रूनो अपघातात मेला, त्याचं नाव तेव्हा त्याला दिलं होतं. आतल्या भिंतींवर आंजेलो कानेव्हारी या चित्रकाराची काळी-पांढरी मोझेक आहेत, पंख लावून उडणाऱ्या ग्रीक पुराणातल्या इकारसपासून विमानापर्यंत माणसाच्या उड्डाणाची सगळी कथा.

त्या इमारतीत आजही शाळा भरते. मधली सुट्टी झाली की मुलं त्या मोझेकच्या खालून पळतात.